सायकल आणि म्हसोबाचा राग

कुंभार पिंपळगाव
१२ एप्रिल १९९६

चि. संपतराव यांना कारभारीचे आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी मी सायकल खांद्यावर घेऊन पाटाच्या रस्त्याने तीन किलोमीटर चाललो. इतकी वर्षे तिने मला वाहिले, तेव्हा एक दिवस मी तिला वाहिले तर काय बिघडले, अशी मनाची समजूत घालत होतो. लोकांची समजूत कोण घालणार? कडूबा उसाला पाणी देत होता, तो तिथूनच ओरडला, "काय पाटकरी, आज सायकल तुमच्यावर बसली व्हय? मंग घंटी तरी वाजवा, बाजूला सरतो!" मी घंटी वाजवली. त्याशिवाय तो गप्प बसला नसता.

झाले असे की पाटावरच्या रोजच्या फेरीत, पाण्याच्या सात नंबरच्या दारापाशी सायकलची खालची तिरकी नळी पुढच्या सांध्यातून निघून आली. तुम्हाला ठाऊकच आहे, ही विलायती सायकल बाबांनी एक्कावन्न साली हैदराबादेहून आणली. तिचे सांधे हल्लीसारखे नळीला नळी चिकटवून केलेले नाहीत. प्रत्येक सांध्याला लोखंडी टोपण आहे, नळी त्यात बसवून वरून पितळ वितळवून पाजलेले आहे. रंग उडाला आहे तिथे पितळेची रेघ दिसते, लुगड्याच्या काठासारखी बारीक.

गावात भुजंगचे वेल्डिंगचे दुकान आहे. तो म्हणाला, "आणा इकडं, दोन मिनिटात चिटकवून देतो." तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चिटकवतो. मी नको म्हणालो. विजेने डागले की नळी सांध्याजवळ ठिसूळ होते आणि पुढच्या खड्ड्यात शेजारी मोडते. पितळ कमी आचेवर वितळते. लोखंडाला न दुखावता धरून ठेवते. हे मला बाबांनी सांगितले आणि बाबांना जुन्या जालन्यातल्या लतीफचाचांनी. चाचा अजून भाता चालवतात असे ऐकतो. त्यांच्याकडूनच पितळेची झाळ देऊन घ्यायची आहे. येत्या बुधवारी सकाळच्या एसटीच्या टपावर सायकल चढवतो. उतरवून घ्या आणि चाचांकडे पोचवा.

तुम्ही हसाल, पण या सायकलची चाल दुसऱ्या कशाला नाही. मी रोज संध्याकाळी मळ्यातून चंबूभर दूध हँडलला अडकवून आणतो. पाटाचा रस्ता म्हणजे मुरूम आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. चंबूला झाकण नाही. पंचवीस वर्षांत थेंब सांडला नाही. यात माझे कौशल्य काही नाही. खड्डा आला की तो आधी चाकाला कळतो, मग पुढच्या वाकलेल्या चिमट्याला, मग नळ्यांना, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर त्याचा राग निघून गेलेला असतो.

मोडली तेव्हा कॅरियरवर विशेष काही नव्हते. लोखंडालाही वय असते, एवढेच.

तुमची अक्का बरी आहे. सायकलला सांडग्यांची पिशवी बांधली आहे, ती तुमच्या सौ. बेबीनंदाला द्यावी.

आपला,
कारभारी


जुना जालना
२१ एप्रिल १९९६

ति. दाजींना संपतचा नमस्कार.

सायकल आणि सांडगे दोन्ही पोचले. सांडगे संपले. स्टँडवर हमालाने टपावरून सायकल खाली देताना विचारलं, "भंगारात टाकायची का?" मी म्हणालो, "हळू बोल बाबा, दाजींना तिकडं ऐकू जाईल."

चाचांकडे घेऊन गेल्तो. म्हातारा डोळ्याला जाड भिंगं लावून अजून बसतो. सांध्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "इसपे क्या लादा था? हाथी?" मी म्हणालो, "आमचे दाजी खोटं बोलत न्हाईत चाचा. विशेष काही नव्हतं." चाचा हसले. का हसले ते कळलं न्हाई.

दाजी, राग मानू नका, पण पन्नाशीला आलात. माझ्यासारखी मोपेड घ्या. मी दुकानाच्या गल्लीतल्या गल्लीत कापडाची ठाणं पोचवायला सुद्धा मोपेडच वापरतो. पायडल मारणं म्हणजे गेल्या जन्मीचं पाप फेडणं आहे. तरी तुमचा हट्ट म्हणून करून देतो. चाचा पंधरा दिवस म्हणाले.

आपला,
संपत


कुंभार पिंपळगाव
५ मे १९९६

चि. संपतराव यांना आशीर्वाद.

पंधरा दिवस उलटले. उन्हाळी पाणी सुटले आहे, आणि मला रोज अठरा किलोमीटर पाट पायी बघावा लागतो. मी दहा नंबरच्या दारावर पोचतो तोवर दोन नंबरवाले दार उघडून पाणी घेऊन, दार लावून, जेवून झोपलेले असतात. लवकर करावे.

एक सांगायचे राहिले. सायकल तयार झाली की तिच्यावर कुणी बसू नये. तुम्हीसुद्धा. तुमचा स्वभाव गमतीचा आहे म्हणून लिहिले.

आपला,
कारभारी


जुना जालना
१९ मे १९९६

ति. दाजींना नमस्कार.

सायकल झाली. आज सकाळच्या गाडीने टपावर टाकली आहे. चाचांनी झाळ दिली, मी वरून काळ्या रंगाचे दोन हात मारून घेतले. एकदम नवरीसारखी दिसते. रंग ओला आहे, खरवडू नका.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे मी बसलो न्हाई. बिलकुल न्हाई. चाचांच्या दुकानापासून घरापर्यंत हातात धरून आणली. मोती तलावाच्या वळणावर इतका खराब रस्ता आहे, पण काही म्हणता काही जाणवलं न्हाई.

चाचांनी एक निरोप सांगितलाय. तापवलेलं लोखंड मुरायला वेळ लागतो. सुरुवातीला जरा कडक लागेल. घाबरू नका.

सांडगे फार छान होते.

आपला,
संपत


कुंभार पिंपळगाव
४ जून १९९६

चि. संपतराव यांना आशीर्वाद.

सायकल मिळाली. तुम्ही एवढा त्रास घेतला, त्याबद्दल काय लिहू? दिसायला खरेच नवरीसारखी आहे. सीट तीच, घंटी तीच, हँडल तेच.

पण चाल ती नाही. पहिल्या दिवशी चंबूतले निम्मे दूध माझ्या विजारीवर आले. दुसऱ्या दिवशीही. आता मांजर मला मळ्याच्या फाटकापासून सोबत करते. खड्डा आला की थेट मनगटात येतो, तिथून दाढेत. पूर्वी सायकल आपणच रस्ता ओळखून चालायची, आता प्रत्येक दगड मला दाखवून देते. मी तुमच्यावर किंवा चाचांवर दोष ठेवत नाही. दोष कुठला आहे ते मला माहीत आहे, आणि ते लिहिल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

कॅरियरवर विशेष काही नव्हते असे मी लिहिले होते. होते. म्हसोबा होता.

सात नंबरच्या दारापाशी बांधावर म्हसोबाचा दगड आहे. तिथे पाट पाझरतो, म्हणून दोन वर्षे तो चिखलात उभा होता. रोज जाता-येता नमस्कार करताना मला ते बघवेना. वर लिंबाखाली कोरडी जागा आहे, तिथे बसवावा असे मनात आले. उचलून नेववेना, म्हणून पंच्यात गुंडाळून कॅरियरवर ठेवला. कुणाला विचारले नाही. देवालाही कौल लावून विचारले नाही. दहा पावले गेलो आणि नळी निघाली. देव जिथे उतरला तिथेच आता बसला आहे, आणि तिथे पहिल्यापेक्षा जास्त चिखल आहे.

तेव्हा हे लोखंड मुरण्याचे काम नाही. त्याचा राग आहे. तुमच्या अक्काला अजून सांगितलेले नाही. तुम्ही शहरात चार लोकांत वावरता, काही उपाय ऐकला असेल तर कळवावे.

आपला,
कारभारी


जुना जालना
१३ जून १९९६

ति. दाजींना नमस्कार.

वाचून अंगावर काटा आला. मला वाटलंच होतं, यात सायकलचा काही संबंध न्हाई. चाचांनी हत्ती म्हटलं ते काही उगीच न्हाई.

आमच्या दुकानात एक हसनाबादचे गिऱ्हाईक येतात, त्यांना असल्या गोष्टींची जाण आहे. त्यांना विचारलं. ते म्हणाले, पाच शनिवार करायचे. तेल, शेंदूर, बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. पायी जायचं, सायकल घरी ठेवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या सायकलवर शंका घ्यायची न्हाई. तिला ठोकून बघणं, रंग खरवडून बघणं, कुणा मिस्तरीला दाखवणं, यातलं काही केलं की देव दुप्पट चिडतो. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

माझी तब्येत एकदम छान. हल्ली पहाटे पाचला उठतो. पोट उतरलंय, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. मोपेड महिनाभर बंदच आहे, तिच्यावर बेबीनंदा कुरडया वाळत घालते.

आपला,
संपत


कुंभार पिंपळगाव
२९ जुलै १९९६

चि. संपतराव यांना आशीर्वाद.

पाच शनिवार पूर्ण झाले. सगळे तुम्ही लिहिल्याबरहुकूम केले. वांग्याचे भरीत म्हसोबाला नेताना तुमच्या अक्काने पकडले, तेव्हा तिला सगळे सांगावे लागले. ती म्हणाली, "देवाला सायकलवर बसवताय, आता दर शनिवारी जेवायला घालताय. पाव्हणा हाये का देव?" पण भरीत तिनेच करून दिले. तिसऱ्या शनिवारी कडूबाही येऊन बसला. चौथ्या शनिवारी सहा जण होते. पाचव्या शनिवारी भरीत पुरले नाही.

गुण काही आला नाही. उलट दाढ हलायला लागली. घनसावंगीला डॉक्टरांना दाखवले. त्यांनी पाठीवर ठोकून विचारले, "वय काय?" एकोणपन्नास म्हणालो. ते म्हणाले, "मग बरोबर आहे." एवढ्यासाठी मी चौदा किलोमीटर गेलो होतो.

आता मी वेगळा विचार करतो आहे. देव रागावला नसेलही. इतकी वर्षे मी सुखाने बसून होतो आणि ते सुख आपल्या हक्काचे आहे असे समजत होतो. रस्ता असा दगडांचा आहे हे मला पंचवीस वर्षे कळलेच नव्हते. पायी चालणाऱ्यांना, बैलांना ते रोजच कळत होते. कदाचित तेवढे कळावे म्हणूनच हे झाले असेल. सीटवर गोधडीची चौघडी घालतो आणि जातो. चंबूला झाकण बसवून घेतले. मांजर नाराज आहे.

चाचांना माझा सलाम सांगावा. तुमच्या पट्ट्याच्या भोकाबद्दल वाचून आनंद झाला.

आपला,
कारभारी


जुना जालना
८ सप्टेंबर १९९६

ति. दाजींना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं न्हाई. तुम्ही फार चांगले आहात दाजी. इतकं चांगलं असू नये.

एक विचारायचं होतं. माझ्यासाठी न्हाई, एका मित्रासाठी. त्याच्याकडे एक जुनी सायकल आली. कशी आली ते सोडा. आधी तो मोपेडवाला होता, सायकलला हसायचा. एक दिवस नुसती घरी आणायची म्हणून बसला तो तलावाला तीन चकरा मारून आला. तो म्हणतो, आपण बसलोय असं वाटतच न्हाई, कुणीतरी पाठीवर हात ठेवून पुढं सरकवतंय असं वाटतं. हँडल सोडलं तरी सरळ जाते. चढ आला की नळ्या जराशा लवतात आणि परत ढकलून देतात, म्हशीनं मान हलवावी तशा. आयुष्यात त्याला पहिल्यांदा कुठं जायचं नसताना जावंसं वाटलं. तो वाईट माणूस न्हाई दाजी. त्याला फक्त ती सोडवली न्हाई.

पण आता त्याला त्रास सुरू झालाय. चार शनिवारांत तीनदा पडला. एकदा म्हैस आडवी आली, एकदा चेन उतरली, एकदा काहीच कारण नसताना. गुडघा फुटला. तो भ्यालाय. त्याचा प्रश्न असा की समजा एखाद्या फ्रेमवर देवाचा राग असेल, तर तो फ्रेमसोबत राहतो का ज्यानं देवाला बसवलं त्या माणसासोबत? फ्रेम दुसऱ्याच्या घरी गेली तर राग पण तिकडं जातो का? आणि मित्रानं पाच शनिवार केले तर चालतील का, का ते मूळ माणसानंच करायचे असतात?

जल्दी कळवा. मित्र फार घाईत आहे.

आपला,
संपत


कुंभार पिंपळगाव
२३ ऑक्टोबर १९९६

चि. संपतराव यांना आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुमच्या मित्राचा प्रश्न सोपा नव्हता.

दसरा बरा झाला. खंडेनवमीला नेहमीप्रमाणे सायकलची पूजा केली. मित्राला सांगा, राग कुठे राहतो ते मला माहीत नाही, पण गुडघ्याला हळद लावावी.

यंदा भाऊबीजेला तुम्ही इकडे येऊ नका. आम्हीच येतो. सायकलही एसटीच्या टपावर घालून आणतो. चाचांना दाखवायची आहे.

आपला,
कारभारी


जुना जालना
१ नोव्हेंबर १९९६

ति. दाजींना नमस्कार.

तुम्ही कशाला त्रास घेता? रीतीप्रमाणे भावानं बहिणीकडं जायचं असतं, आम्हीच येतो. सायकल तर आणूच नका, दिवाळीत टपावर फार सामान असतं. चाचांची तब्येत बरी न्हाई. आमच्या घराला रंग देऊन राह्यलो, घरात बसायला जागा न्हाई. नळाला पाणी पण न्हाई.

अक्काला म्हणावं मीच येतो. तुम्ही बिलकुल निघू नका.

आपला,
संपत


कुंभार पिंपळगाव
१६ नोव्हेंबर १९९६

चि. संपतराव यांना आशीर्वाद.

तुमच्या घराला रंग दिलेला नव्हता आणि नळाला पाणी होते. भाऊबीजेला अक्काकडून ओवाळून घेतलेत, ताटात साडी ठेवलीत आणि "दुकानातून निरोप आलाय" म्हणून जे निघालात ते पायी, तेही गुडघ्यात लंगडत. दिवाळीत ठोक दुकाने बंद असतात हे आम्हा खेड्यातल्यांनाही माहीत असते. तुमच्या मागे काय झाले ते घरच्यांनी सांगितलेच असेल. पण त्यांना अर्धेच ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

खंडेनवमीला मी सायकलला गंध लावतो ते रंगावर नाही, पुढच्या सांध्यावर जिथे पितळ दिसते तिथे. तुम्ही खरवडू नका म्हणाला होतात, म्हणून पाच महिने नख लावले नव्हते. पण पूजेला इलाज नव्हता. खरवडले. खाली टोपणही नव्हते आणि पितळही नव्हते. वेल्डिंगची गाठ होती, मेणबत्तीचा ओघळ थिजावा तशी. मग तुमच्या मित्राचे पत्र पुन्हा काढून वाचले. मग मोती तलावाचे पत्र. चाचांचे दुकान आणि तुमचे घर यांच्या मध्ये मोती तलाव येत नाही.

आधी राग आला. सीट, घंटी, हँडल, चाके जिथल्या तिथे लावून, मधली फ्रेम तेवढी बदलायची! इतक्या मेहनतीने तुम्ही दुसरे काही केले असते तर आज तुमचे स्वतःचे दुकान असते. मग हसू आले. पाच शनिवार मी म्हसोबाची क्षमा मागत होतो, आणि तो बिचारा न केलेल्या रागाबद्दल भरीत खात होता. मी त्या गाठीवरच गंध लावले. तिचा काय दोष?

पण पुढचा रस्ता दिसेना. तुमच्या अक्काला सांगावे, तर ती तशीच निघाली असती आणि भाऊबीजेचे ताट तिने तुमच्यासमोर पालथे घातले असते. जन्मभर बोलली नसती, तिला तुम्ही ओळखता. न सांगता सायकल परत मागावी, तर सासरवाडीत जावयाने सायकल मागणे म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सत्तर साली लग्न ठरताना तुमच्या चुलत्यांनी, काकासाहेबांनी, मला बैठकीत विचारले होते, "घड्याळ घेता का सायकल?" मी म्हणालो होतो, "दोन्ही नको. सायकल बाबांची आहे." त्या एका वाक्यावर मी सव्वीस वर्षे तुमच्या घरात ताठ मानेने जेवलो. तीन आठवडे पाटावर जाता-येता मी तेच घोळवत होतो. सायकल सोडावी, की तुम्हाला उघडे पाडावे, की ते वाक्य सोडावे. देवाला विचारले नाही. त्याला या वर्षी मी पुरेसा त्रास दिला आहे.

तुम्ही बाहेर पडल्यावर काकासाहेब सुपारी कातरत बसले होते. शेजारी अक्का, बेबीनंदा. मी म्हणालो, "काकासाहेब, मला सायकल पाहिजे."

त्यांना ऐकू कमी येते. मला दुसऱ्यांदा ओरडून सांगावे लागले. गल्लीतले दोघे दारात येऊन उभे राहिले.

"कोणती सायकल?"

"संपतरावांची."

अडकित्ता थांबला. "आता, जावईबापू? सव्वीस वर्सांनी?"

"तेव्हा नको म्हणालो होतो. आता पाहिजे."

"मंग घड्याळाचं कसं करायचं?"

"घड्याळ नको."

"आजच सांगा बराबर विचार करून," ते म्हणाले, "अजून सव्वीस वर्सांनी मी न्हाई सापडायचो."

तुमची अक्का उठून उभी राहिली. "अहो, काय बोलून राह्यले तुम्ही? तरण्या पोरानं मागितली तर लोकं थुंकतात. तुमचे तर केस पिकले! आणि आपली टपावर घालून आणली ती काय झाली?" मी म्हणालो, "ती इथे ठेवतो." त्यावर काकासाहेब म्हणाले, "म्हंजे पोरगी दिली, वर सायकल द्यायची, आन जुनी आपण ठेवून घ्यायची. चांगला जावई गावला!"

बेबीनंदा आत गेली आणि धान्याच्या कोठीमागून, दोन चादरी काढून, सायकल बाहेर घेऊन आली. तुम्ही तिला तांबडा रंग दिला आहे आणि दोन आरसे लावले आहेत, म्हणून अक्काने ओळखली नाही. मी घंटी न वाजवताही ओळखली असती. बेबीनंदा माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "न्या दाजी. पहाटे पाचला उठून हिला पुसतेत. मला चहा घेतला का म्हणून कधी इचारलं न्हाई." तिला सगळे माहीत आहे. तिने कुणाला काही सांगितलेले नाही, मीही सांगितलेले नाही.

सीट तेवढी बदलून घेतली, पाना खिशात होता. गल्लीतून निघालो तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले, "म्हाताऱ्याला दिवाळी पावली." वाटेत चाचांकडे थांबलो. तब्येत उत्तम आहे. त्यांनी सांध्यावर बोट फिरवले आणि म्हणाले, "आपके साले साब रोज हवा भरने आते थे. बोले, दाजीने दे दी." मी म्हणालो, "बराबर है." त्यांच्याकडे भिंतीला एक जुनी विलायती फ्रेम टांगलेली आहे, दोन सांधे उघडले आहेत. तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगितली आहे. झाळ तुम्ही स्वतः उभे राहून देऊन घ्या. भाता तुम्ही मारायचा, असे मी चाचांशी ठरवून आलो आहे.

अंबडला ओळखीच्यांकडे रात्र काढली आणि काल सकाळी इकडे निघालो. तुमच्या मित्राने लिहिले होते, कुणीतरी पाठीवर हात ठेवून पुढे सरकवतंय असे वाटते. इतकी वर्षे बसून मला ते असे कधी सांगता आले नाही. हे एक तुमचे मी मानतो. रस्ता तोच, खड्डे तेच. मी पायडल मारत होतो की नाही हेही मधूनच विसरायला होत होते. दाढेने तक्रार केली नाही. घनसावंगीच्या पुढे उतार लागला, तिथे दोन्ही हात सोडून मी काही वेळ आकाशाकडे बघत होतो. एकोणपन्नासाव्या वर्षी हे बरे दिसत नाही, पण बघायला फक्त शेळ्या होत्या.

अक्का माहेरी चार दिवस राहणार होती. ती दुसऱ्याच दिवशी एसटीने परत आली, माझ्याशी भांडायला. मी पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसलेली होती. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, पाण्याचा तांब्या आदळते. गावाच्या टोकाला राहणाऱ्या गोजरबाईपर्यंत बातमी गेली आहे की पाटकऱ्याने म्हातारपणी हुंडा घेतला. कडूबाने आज पाटावर विचारले, "पाटकरी, पुढच्या दिवाळीला बातम्या ऐकायला रेडू मागता का?"

तिला खरे सांगायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही. मला जे करायचे होते ते झाले. कुणाला चोर न म्हणता मी सायकल मागितली आणि घेऊन आलो.

आपला,
कारभारी